आहे म्हणून

महापेच्या तिसऱ्या मजल्यावर
दुपारी चारला एसी दम सोडतो,
खिडकीतून रबाळ्याकडचा कसलासा आंबट वास येतो.
माझ्यासमोर तळहाताएवढा हिरवा बोर्ड,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातल्या
नव्या काट्यासाठी बनलेला.

ऑपरेटिंग सिस्टिम येते ती आंधळीच.
तिला हात धरून सांगावं लागतं :
ही मेमरी, एवढी.
हे घड्याळ, या वेगाचं.
या दोन तारांवर तिघं राहतात, त्यांचे पत्ते हे.
झालं तिचं जग.
मी लिहिलं नाही, ते तिच्यासाठी नाहीच.
मी चुकीचं लिहिलं, तर तेच आहे.

मी जुन्या बोर्डाचं वर्णन उचललं.
नाव बदललं, दोन ओळी खोडल्या,
नव्वद टक्के तेच तर आहे, म्हटलं.
सिस्टिम उठली.
वजनाच्या चिपला हाक मारली
आणि उंबऱ्यातच बसून राहिली,
माप तयार झाल्याची खूण येईल म्हणून.
खूण येईना.

आमोद म्हणाला, वाट कशाला बघतेस?
तारच नाही असं लिही.
मग ती आपणहून विचारत राहील
दर दहा मिलिसेकंदांनी, झालं का, झालं का.
लिहिलं.
आकडे धडाधड आले.
आम्ही चहा मागवला.

वनिता घरत मागे उभ्या होत्या,
चष्मा कपाळावर, हातात मल्टिमीटर.
"तार आहे ना?"
आहे.
"मग नाही असं कसं लिहितेस?"
चालतंय, मॅडम.
"चालतंय म्हणून लिहू नकोस. आहे म्हणून लिही.
उद्या दुसरं कुणी दुसरी सिस्टिम आणेल.
त्याला तुझी युक्ती नकोय, बोर्ड हवाय."

मग आम्ही भिंग लावलं.
नकाशात तार सतराव्या पिनला.
मल्टिमीटर सतराव्याला गप्प.
सोळा, गप्प. पंधरा.
चौदाला बीप वाजला
आणि वनिताबाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.
मधे तिळाएवढा एक ट्रान्झिस्टर,
जुन्या बोर्डावर नसलेला,
होचं नाही करणारा, नाहीचं हो.
चिप "झालं" म्हणत होती,
पलीकडे "अजून नाही" पोचत होतं,
तेही भलत्याच दारावर.

"चौदा लिही. खूण उलटी येते, लिही.
नकाशा चुकलाय, तेही लिही, वर, टिपेत."

बाई घणसोली गावठाणातल्या.
कुरिअरवाला आजही त्यांना फोन करून विचारतो,
तळ्याच्या अलीकडे की पलीकडे?
त्यांच्या वडिलांच्या मिठागरापुढे
कुणा मोजणीदाराने 'पडीक' लिहिलं होतं,
जागेवर पाय न ठेवता.
हे त्या कधी बोलल्या नाहीत.
त्यांचा चुलतभाऊ आमच्याकडे सोल्डरिंगला आहे,
तो एकदा डबा खाताना बोलून गेला.

साडेसातला सिस्टिम पुन्हा उठली.
या वेळी वाट बघितली, खूण आली,
एकदाच, वेळेवर.
रिकामं पारडं. शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य.
बाईंनी किल्ल्यांचा जुडगा ठेवला :
एकशे बारा ग्रॅम.
उचलला. शून्य.
"मापात पाप व्हायचं तर बाजारात होऊ दे,"
त्या म्हणाल्या, "इथनं नको."

एक गोष्ट राहिली होती.
बोर्डाच्या कोपऱ्यात दोन चकचकीत ठिपके,
तापमापकासाठी राखलेले.
नकाशात तो आहे, पत्त्यासकट.
पुढच्या खेपेला बसवतील, असं आमोद म्हणतो.
मी विचारलं, याचं काय लिहू?

त्या पर्स खांद्याला लावत होत्या.
"आहे का?"

नाही.

दिवे मालवायच्या आधी
मी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं.
गार होते.
ती ओळ मी लिहिली नाही.